डावा कान

विश्वजीत औताडेला डाव्या कानानं ऐकू येत नाही ही गोष्ट दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यापर्यंत आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं तो धरून चालला होता.

छावणीतल्या एका तोफखाना रेजिमेंटमध्ये तो मेजर होता. वय छत्तीस. करमाडच्या पुढं, खडकाळ रानातल्या एका गावात वाढलेला. बारावी झाल्यावर साधा गनर म्हणून भरती झाला, चार वर्षं तोफेवर गोळे वाहिले आणि बराकीतल्या गोंगाटात इंग्रजीचं व्याकरण घोकत घोकत, जवानांतून अधिकारी घडवणाऱ्या डेहराडूनच्या कॅडेट कॉलेजात जाऊन पोचला. तिथं तीन वर्षं आणि बी.ए.ची पदवी, मग अकॅडमीतलं एक वर्ष. सत्ताविसाव्या वर्षी खांद्यावर दोन तारे आले. त्या दिवशी त्याचा बाप पुंजाराम धोतराचा सोगा हातात धरून अकॅडमीच्या मैदानाच्या कडेला उभा होता आणि एका सुटाबुटातल्या माणसानं त्याला ‘सर’ म्हटलं होतं. पुंजारामनं ती गोष्ट पुढं नऊ वर्षं येईल त्याला सांगितली.

लेफ्टनंटचा कॅप्टन व्हायला दोन वर्षं आणि एक परीक्षा, कॅप्टनचा मेजर व्हायला आणखी चार वर्षं आणि दुसरी परीक्षा. इथवर वर्षं भरली आणि पेपर सुटले की माणूस चढत जातो. तेरा वर्षं झाली की लेफ्टनंट कर्नलही होतो. त्याच्या वर मात्र निवड असते. बोर्ड बसतं, फायली उघडतात आणि थोडेच जण कर्नल होऊन रेजिमेंट सांभाळतात. त्या थोड्यांत बसायचं तर स्टाफ कॉलेजची परीक्षा काढलेली बरी. वेलिंग्टनला वर्षभराचा कोर्स, त्याच्यासोबत एम.एस्सी.ची पदवी. विश्वजीत दोन वर्षं त्याच परीक्षेच्या मागं होता. पेपर सप्टेंबरात होते. पण त्याच्याआधी, ऑगस्टमध्ये वैद्यकीय तपासणी होती, आणि या खेपेला कान यंत्रावर तपासणार असं पत्र आलं होतं.

कान गेला तो दोन हजार दोन साली. गोळाबारीच्या सरावात त्याच्या कानातला कापसाचा बोळा निसटला आणि दुसरा घालायला सवड नव्हती. तीन दिवस कानात शिट्टी वाजत राहिली. चौथ्या दिवशी शिट्टी थांबली, आणि तिच्यासोबत त्या बाजूचं बाकी सगळंच थांबलं. कॅडेट कॉलेजचा फॉर्म त्याच महिन्यात भरायचा होता. विश्वजीत डॉक्टरकडं गेला नाही.

नंतरच्या तपासण्या त्यानं एका युक्तीवर काढल्या. डॉक्टर वीस फुटांवर पाठीमागं उभे राहून दबक्या आवाजात आकडे म्हणतात. एक कान बोटानं बंद करायचा, दुसऱ्यानं ऐकायचं. डाव्या कानाची पाळी आली की विश्वजीत उजव्यावर बोट नुसतं टेकवायचा, दाबायचा नाही. किती गावं झाली, किती डॉक्टर झाले, दर वेळी त्याच्या पाठीवरून घामाची धार वाहायची आणि दर वेळी तो पास व्हायचा. यंत्रापुढं ही युक्ती चालणार नव्हती. बंद खोलीत बसवून कानांवर डबे चढवतात, एकेका कानात बारीक सूर सोडतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. ते पत्र आल्यापासून विश्वजीत सकाळी दाढी करताना आरशात स्वतःकडं बघायचा आणि मनाशी दिवस मोजायचा.

भीतीनं त्याला सवयी लावल्या होत्या. मेसमध्ये तो टेबलाच्या डाव्या टोकाला बसायचा, म्हणजे सगळी माणसं उजवीकडं येतात. कुणी डावीकडून बोललं असेल अशी शंका आली की मान डोलवायची आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचा. त्याची बायको राजनंदिनी उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत शिकवायची. तिला वाटायचं, नवरा कामाच्या विचारात असतो म्हणून उत्तर देत नाही. विश्वजीतनं तिला तसंच वाटू दिलं.

त्या वर्षी पाण्यानं शहराला गुडघ्यावर आणलं होतं. जायकवाडीचं धरण तळाला गेलेलं, नळ पाच-सहा दिवसांनी यायचा आणि तासाभरात जायचा. आणि तरी मुकुंदवाडीच्या पुढं माळावर नव्या इमारती उठतच होत्या. जिथं जलवाहिनी पोचायला अजून काही वर्षं होती तिथं लोक रंग सुकायच्या आत राहायला येत होते. गावाकडची विहीर आटल्यावर पुंजाराम आणि विश्वजीतची आई मनकर्णाबाईदेखील मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत येऊन राहिली होती. कलेक्टर कचेरीनं लष्कराकडं मदत मागितली तेव्हा रेजिमेंटचे दोन टँकर अशा वस्त्यांना पाणी द्यायला निघाले, आणि ते काम कर्नलसाहेबांनी विश्वजीतकडं दिलं. हा भाग त्याचा म्हणून.

टँकर चालवायला लान्स नायक कडुबा दांडगे होता. फुलंब्रीकडचा, चोवीस वर्षांचा, बोलायला कमी आणि डोक्यानं तल्लख. त्यालाही कॅडेट कॉलेजात जायचं होतं. विश्वजीत आठवड्यातून दोन दुपारी त्याला आपल्या ऑफिसात बसवून इंग्रजी शिकवायचा. कडुबाचं स्पेलिंग कच्चं होतं, पण एकदा केलेली चूक तो पुन्हा करत नसे. त्याची परीक्षा नोव्हेंबरात होती. पाण्याच्या कामावर हवालदार सखाराम गाडेकरही होता. विश्वजीत गनर होता तेव्हा दोघं एकाच तोफेवर होते. सखाराम दहावीवर थांबला, हवालदारापर्यंत आला. इतक्या वर्षांनी दोघं पुन्हा एका रेजिमेंटमध्ये आले, तेव्हा सखारामनं त्याला कडक सॅल्यूट ठोकला आणि त्यानंतर चारचौघांत कधी एकेरी हाक मारली नाही.

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. सकाळचे अकरा. वस्तीच्या मध्ये सिमेंटचा एक हौद होता आणि त्याच्याभोवती घागरी, कॅन, टिपाडं यांची रांग वळसा घालून गेली होती. शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी जमीन भोसकत होती. सातशे फूट गेले तरी धूळच येते म्हणून मालक कपाळाला हात लावून बसला होता. त्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. रांगेत बाचाबाची झाली, सोबतचे जवान तिकडं धावले, आणि टँकर मागं घ्यायला इशारे देणारं कुणी उरलं नाही. विश्वजीत स्वतः पुढं झाला. टँकरच्या उजव्या अंगाला, मागच्या चाकाजवळ, कडुबाला आरशात दिसेल असा तो उभा राहिला आणि हातानं खुणावू लागला. ये, ये, आणखी ये.

एवढ्यात बोअरवाल्यांनी नवा पाइप जोडायला यंत्र बंद केलं. घरघर थांबली.

सखाराम टँकरच्या मागच्या बाजूला पाइप जोडायला शिरला होता. टँकर अजून थांबलेला नाही हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. तो ओरडला. विश्वजीतच्या डाव्या हाताला, दहा फुटांवरून. रांगेतल्या बायकांनी ऐकलं. हौदावर चढलेल्या पोरांनी ऐकलं. कडुबालाही इंजिनाच्या आवाजात काहीतरी कानावर आलं, पण त्यानं आरशात बघितलं तर साहेबांचा हात ‘ये’ म्हणत होता. विश्वजीतला समोरच्या बाईचा चेहरा दिसला. तिचं तोंड उघडं होतं आणि हात डोक्याला गेले होते. त्यानं त्या नजरेच्या दिशेनं मान वळवली, तोवर टँकरचा मागचा लोखंडी दांडा सखारामचा उजवा पाय हौदाच्या भिंतीशी चेपून गेला होता.

पुढचं सगळं विश्वजीतनं शिकवल्याप्रमाणं केलं. टँकर पुढं काढला, पट्टा आवळून रक्त थांबवलं, जीपमध्ये आडवं घातलं. हॉस्पिटलात सखारामला आत नेल्यावर तो बाहेरच्या बाकावर बसला. आपण सखारामसाठी घाबरलो आहोत असं त्याला वाटत होतं. पण त्या भीतीच्या खाली दुसरी भीती होती. आता कुणीतरी विचारणार, तुम्हाला ऐकू कसं आलं नाही. त्या विचाराची त्याला लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून तो विचार गेला नाही.

पाय वाचला. घोटा मात्र पुरता चुरला होता आणि सखाराम पुन्हा सरळ चालणार नाही, असं सर्जननं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशी, बसायचा हुकूम निघाला. दुसऱ्या युनिटचे एक लेफ्टनंट कर्नल अध्यक्ष, सोबत दोन सदस्य. कर्नलसाहेबांनी विश्वजीतला आपल्या खोलीत बोलावलं. त्यांचं विश्वजीतवर मनापासून प्रेम होतं. स्टाफ कॉलेजसाठी त्यांनीच त्याला तयार केलं होतं. त्यांनी आधी सखारामची चौकशी केली, मग खिडकीबाहेर बघत हिंदीत म्हणाले की बोअरची गाडी चालू होती, असं त्यांच्या कानावर आलंय. तशा आवाजात कुणालाच काही ऐकू येणार नाही. विश्वजीतनं नुसतं ‘जी सर’ म्हटलं. साहेब पुढं म्हणाले, ड्रायव्हरनं मात्र मागं माणूस आहे का हे उतरून बघायला हवं होतं. तसा नियमच आहे.

बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की सुटायची वाट आपल्याला आयती मिळाली आहे, आणि ती कडुबाच्या अंगावरून जाते. ड्रायव्हरवर ठपका आला की त्याच्या सेवापुस्तकात लाल शाईची नोंद पडते. लाल शाईवाल्याला कॅडेट कॉलेजात कोण घेणार.

चौथ्या दिवशी तो हॉस्पिटलात गेला. सखाराम एकटाच होता. त्याची बायको सरूबाई खालून औषध आणायला गेली होती. विश्वजीत खाटेच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसू लागला, तसं सखारामनं हातानं खुणावलं, तिकडून नको, इकडून या. खाटेच्या त्या बाजूला बसलं की सखारामचं तोंड विश्वजीतच्या उजव्या कानाकडं येत होतं.

विश्वजीत बसला. मग त्याला कळलं.

“तुला माहितीय?” त्यानं विचारलं.

“कापूस पडला तवा मी शेजारी होतो,” सखाराम म्हणाला. “तवापासून माहितीय. तुमच्या उजव्या अंगालाच उभा ऱ्हातो मी, ध्यानात नाय आलं का?”

विश्वजीतच्या ध्यानात आलं नव्हतं. परेडवर, जीपपाशी, ऑफिसात, सखाराम नेहमी उजवीकडं यायचा, हे त्याला आत्ता एकेक करून आठवायला लागलं.

“त्या दिवशी घाईत डावीकडं शिरलो,” सखाराम म्हणाला. “तीनदा वरडलो, साहेब. तिसऱ्यांदा वरडलो तवा तुमचं नाव घेतलं. पहिलं नाव.”

“तू कोर्टात सांगणार?”

सखाराम म्हणाला की आपण सांगणार नाही. पण कडुबाला विचारलं तर तो खरं तेच सांगेल, आणि लान्स नायकाचं म्हणणं आणि मेजरचं म्हणणं यांत कुणाचं वजन जास्त, हे काय कुणी सांगायला पाहिजे. एवढ्यात सरूबाई आली. तिनं विश्वजीतला नमस्कार केला, औषधाच्या बाटल्या मांडल्या आणि नवऱ्याच्या पायावरची चादर नीट केली. ती एक शब्द बोलली नाही.

तिथून तो मुकुंदवाडीला गेला. का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. मनकर्णाबाईनं त्याला पिठलं आणि भाकरी दिली, घास उतरत नाही हे बघून तिनं ताट बाजूला सारलं. पुंजारामनं मात्र शेजारच्या रिटायर तलाठ्याला हाक मारून आणलं. माझा विश्वा आता आणखी एक डिग्री घेणार, मग कर्नल होणार, असं तो त्याला सांगत होता, आणि विश्वजीत खाली मान घालून ऐकत होता. लहानपणी एकदा विहिरीत दोर तुटला होता आणि तो निम्म्यावर कपारीला धरून लोंबकळत राहिला होता. वर बाप ओरडत होता, सोडू नको, सोडू नको. आज त्याला तसंच वाटत होतं, फक्त खाली किती खोल आहे ते दिसत नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं राजनंदिनीला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिनं पेन खाली ठेवलं आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिला आधी राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

“गाडेकर हवालदारांना चौदा वर्षं माहीत, आणि मला दहा वर्षं संसार करून नाही?” ती म्हणाली. “मी डावीकडून बोलत राहिले असेन आणि तुम्ही नुसते मान डोलवत राहिलात.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली, पाण्याची पिंपं उघडून उगाच किती पाणी आहे ते बघितलं आणि परत आली. मग म्हणाली की तिला कर्नलची बायको व्हायचं होतं, खोटं कशाला बोला. पण ते पोरगं, कडुबा, मागच्या शुक्रवारी तिच्याकडं निबंध दाखवायला आलं होतं. ‘माझे गुरू’ असा विषय होता. कुणावर लिहिला असेल ते विश्वजीतनंच ओळखावं.

“मला भीती वाटते,” विश्वजीत म्हणाला. बायकोपुढं हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता.

“वाटणारच,” ती म्हणाली. “मलाही वाटतीय.”

इन्क्वायरी सोमवारी सकाळी दहाला बसली. लांबट खोली, हिरव्या कापडाचं टेबल, वर पंखा. आधी कडुबा आत गेला आणि वीस मिनिटांनी बाहेर आला. त्यानं विश्वजीतकडं बघितलं नाही, आणि ते न बघणंच जास्त लागलं. आत जाताना त्याला वाटलं, आपले पाय आपल्याला दाराकडं न नेता उलटे घेऊन जातील. मोठ्या तोफेशेजारी उभं राहताना, डोंगरात चौकीवर बर्फात रात्रंदिवस बसताना त्याला असं कधी झालं नव्हतं. तिथं जीव जायची भीती होती. इथं जिवंत राहून लहान व्हायची भीती होती.

अध्यक्षांनी नाव, हुद्दा, नंबर विचारला. मग जागा, वेळ, कोण कुठं उभं होतं. सगळं शांतपणे चाललं होतं. एका सदस्यानं कागद चाळत विचारलं, हवालदारानं मदतीसाठी आवाज दिला असं साक्षीदार म्हणतात, तो तुम्ही ऐकला का.

“नाही, सर.”

अध्यक्ष स्वतःच म्हणाले, बाजूला बोअरची गाडी चालू होती, बरोबर? म्हणजे ऐकू येणं शक्य नव्हतं.

टायपिस्टची बोटं थांबून वाट बघत होती. विश्वजीतला त्या एका क्षणात सप्टेंबर दिसला, वेलिंग्टन दिसलं, शेजारच्या तलाठ्याला हाक मारणारा बाप दिसला. ‘हो सर’ म्हणायला तोंड उघडलंही होतं.

“नाही, सर,” तो म्हणाला. “गाडी त्या वेळी बंद होती. सगळ्यांना ऐकू गेलं. मला गेलं नाही, कारण माझा डावा कान बहिरा आहे. चौदा वर्षं झाली. मी लपवलं.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांनी त्याला हिंदीत, जवळजवळ मायेनं बजावलं की हे कागदावर गेलं तर खोडता येणार नाही. हवं तर दहा मिनिटं बाहेर जाऊन विचार करा. विश्वजीतला बाहेर जायचं होतं. फार जायचं होतं. पण दाराबाहेर कडुबा उभा होता हे त्याला माहीत होतं. तो जागीच उभा राहिला आणि म्हणाला, लिहून घ्या. ड्रायव्हर माझ्या हाताकडं बघून गाडी मागं घेत होता. त्यानं हुकूम पाळला.

बाहेर आल्यावर त्याला मोकळं वाटेल अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही. त्यानं बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि ऑफिसात जाऊन टँकरच्या फेऱ्यांचा तक्ता बघत बसला. पुढचे तीन महिने भीती गेली नाही, फक्त तिचं तोंड बदललं. काढून टाकतील का. पेन्शनचं काय. मेसमध्ये माणसं अजूनही नीट बोलायची, पण आता मुद्दाम उजवीकडं येऊन, जरा मोठ्यानं बोलायची, आणि ते सोसणं सगळ्यात अवघड होतं. कर्नलसाहेब आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलले. आपण लपवलं याचं त्यांना वाईट वाटलं की सांगितलं याचं, हे विश्वजीतला कळलं नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

जूनमध्ये यंत्रावर तपासणी झाली. डॉक्टर तरुण मुलगी होती, कॅप्टन. बंद खोलीत कानांवर डबे चढवून तो बसला. डावीकडं नुसती शांतता. उजवीकडं मात्र काही सूर त्याला ऐकूच आले नाहीत. तो घाबरून बटण उगाच दोनदा दाबून बसला. तिनं आलेख पुढं ठेवून समजावलं. उजवा कानही झिजायला लागलाय, म्हणूनच डावीकडचं ओरडणं त्यालाही लागलं नाही. तोफांच्या जवळ आणखी पाच-सहा वर्षं राहिला असता तर तोही गेला असता. आता जपलात तर राहील. विश्वजीत त्या कागदाकडं बघत राहिला. इतकी वर्षं ज्या कानाच्या जोरावर तो खोटं रेटत आला होता, तोच कान तो संपवत आला होता, आणि हे त्याला ठाऊकच नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी निकाल लागला. कडुबावर ठपका नव्हता. विश्वजीतला वरून कडक नाराजीचं पत्र आलं. ते तीन वर्षं त्याच्या फायलीत राहणार होतं. मेडिकल कॅटेगरी खाली आली, तोफांवरून त्याला काढून प्रशिक्षणाच्या कामावर घेतलं आणि त्या सालच्या स्टाफ कॉलेजच्या यादीतून नाव गेलं. पुढच्या सालीही ते येणार नव्हतं, हे कर्नलसाहेबांनी स्पष्ट सांगितलं. लेफ्टनंट कर्नल तुम्ही वर्षं भरली की व्हाल, त्याच्या पलीकडचं मनातून काढा, असं म्हणून त्यांनी पत्राची प्रत पुढं सारली आणि पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पुंजारामला सांगायला तो दोन आठवडे धजला नाही. शेवटी राजनंदिनीच त्याला घेऊन गेली. बाप ओट्यावर बसला होता. विश्वजीतनं कान, टँकर, कोर्ट, पत्र, सगळं एका दमात सांगितलं. पुंजारामनं तंबाखूची डबी उघडली, तशीच मिटली.

“म्हंजी कर्नल नाय व्हायचं?”

“नाही, आबा.”

“नोकरी हाय ना पण?”

“आहे.”

पुंजारामची हनुवटी हलत होती आणि विश्वजीतला वाटलं, आता म्हातारा रडणार. पण त्यानं विचारलं ते वेगळंच. पोरगा एकोणीस वर्षांचा असताना सुट्टीवर आला होता, तेव्हा हाका मारल्या तरी ओ देत नव्हता, बापाला वाटलं होतं पोराला फौजेची मस्ती चढली, आणि त्यानं कानाखाली लगावली होती. तो कान कोणता होता. विश्वजीत म्हणाला, तेव्हा कान चांगला होता, आबा, नंतर गेला. पुंजारामनं मान हलवली. त्याचा विश्वास बसला की नाही, ते कळलं नाही. शेजारचा तलाठी त्या दिवशी डोकावला, तर पुंजारामनं त्याला पाण्याचा टँकर किती वाजता येतो एवढंच विचारलं.

कडुबा नोव्हेंबरच्या परीक्षेत नापास झाला. इंग्रजीतच गेला. विश्वजीतनं आठवड्याच्या दोन दुपारींच्या चार केल्या. दुसऱ्या खेपेला तो लेखी पास झाला, आणि मुलाखतीला निघताना बुटाची नाडी पुन्हा पुन्हा सोडून बांधत बसला. विश्वजीतनं त्याला सांगितलं की विचारलेलं येत नसलं तर येत नाही म्हणायचं, तिथंच, लगेच. तो निवडून आला. विश्वजीतनं स्वतःही शहरातल्या विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं, लष्कराचा इतिहास घेऊन. पहिल्या दिवशी वर्गात विशीतल्या पोरापोरींमध्ये तो पुढच्या बाकावर डाव्या टोकाला बसला आणि प्राध्यापकांना आधीच सांगून टाकलं की मला या बाजूनं ऐकू येत नाही. वर्गातल्या कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

सखाराम पुढच्या वर्षी निवृत्त झाला. पंधरा वर्षांपेक्षा जास्त नोकरी झालेल्या जवानाला पदवीच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळतं, ते घेऊन त्याला कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. अर्ज इंग्रजीत लिहून द्या, असा त्यानं निरोप पाठवला. विश्वजीत एका रविवारी सकाळी त्याच्या घरी गेला. सखाराम काठी टेकत दारापर्यंत आला. सरूबाई आत चुलीपाशी होती.

आतापर्यंत ती विश्वजीतशी बोललीच नव्हती. चहाचा कप ठेवताना तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं.

“तुमी खरं बोलले, चांगलं केलं,” ती म्हणाली. “समदे तुमचं नाव काढत्यात. पर चौदा वर्सं आधी बोलले असते तर ह्यांचा पाय ऱ्हायला असता.”

सखारामनं तिला गप्प राहायची खूण केली. विश्वजीत म्हणाला, बोलू दे त्यांना, बरोबर बोलताहेत. तिनं कप त्याच्याजवळ सरकवला आणि आत गेली. मग विश्वजीतनं अर्जाचा कागद गुडघ्यावर घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि सखारामला त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारली.